हस्तमैथुनानं अंगातली ताकद जाते का?

भावा, तू विचारलंयस की वय 22 आहे, रोज तालमीत जातोस, तर हस्तमैथुनामुळं ताकद जाईल का आणि पुढं मूल होण्यात अडचण येईल का. दोन्हींचं उत्तर नाही.

'रक्ताच्या शंभर थेंबांतून वीर्याचा एक थेंब' हे साफ खोटं आहे. वीर्य रक्त आटवून बनत नाही. एका वेळी साधारण 2 ते 5 मिलिलिटर बाहेर पडतं, त्यात बहुतेक पाणी, थोडी साखर, थोडी प्रथिनं. शुक्राणू तर वृषणात रोज नव्यानं तयार होतच असतात. मेहनतीनंतर तू थंडाईचा एक घोट घेतोस ना, त्यात याहून जास्त पोषण असतं.

लिंग वाकडं होणं, डोळे खोल जाणं, केस गळणं, यांचाही संबंध नाही. खरा त्रास भीतीचा. अपराधी वाटतं, झोप उडते, दुसऱ्या दिवशी जोर मारताना दम लागतो आणि तोच पुरावा वाटायला लागतो! वीर्य गेल्यानं ताकद जाते या भीतीच्या आजाराला 1960 साली डॉ. नरेंद्र विग यांनी 'धात सिंड्रोम' नाव दिलं; धात म्हणजे वीर्य. वस्ताद ब्रह्मचर्य सांगतात, ते शिस्त म्हणून पाळायचं तर जरूर पाळ, घाबरून नको.

कातडी सोलवटत असेल, किंवा काम-सराव सोडून तेच सुचत असेल, तर कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार विभागात मोकळेपणानं बोल. भिंतीवरच्या 'गुप्तरोग' नंबरला मात्र फोन लावू नकोस, त्या पुड्यांत काय असतं ते कुणी सांगत नाही.