भावाच्या उपचारासाठी शेत विकावं का?

कर्नाटकातल्या, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलंय. भाऊ 27 वर्षांचा, पुण्यात नोकरीला. फिट आली, एमआरआयमध्ये मेंदूत गाठ दिसली, ऑपरेशन झालं. रिपोर्टवर नुसतं 'ग्लायोमा' लिहिलंय. बाबा दीड एकर भातशेत विकायला निघालेत, गिऱ्हाईक इसार घेऊन दारात उभं आहे.

ताई, इसार घेऊ नका. निदान महिनाभर तरी.

'ग्लायोमा' हे झालं मेंदूतल्या गाठींच्या एका कुटुंबाचं आडनाव; नाव अजून कळायचंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या वर्गीकरणानुसार अशा गाठीचं नेमकं नाव आयडीएच आणि 1पी/19क्यू या जनुकीय तपासण्यांवर ठरतं. तरुणांमध्ये आयडीएच जनुकात बदल झालेल्या गाठी जास्त सापडतात. त्या सहसा सावकाश वाढतात, माणूस अनेक वर्षं जगतो, पण गाठ परत येऊ शकते. म्हणजे खर्च एकदाच होऊन संपणारा नाही: एमआरआय, फिटच्या गोळ्या, कदाचित पुन्हा ऑपरेशन. पहिल्याच बिलात शेत गेलं तर पुढं काय करणार?

म्हणून पहिला पैसा तपासणीवर घाला. ऑपरेशन झालं तिथून मेणाचा ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या. त्या मेणात गाठीचा नखाएवढा तुकडा असतो. उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये दाखवून दुसरं मत घ्या.

भावानं राजीनामा मुळीच देऊ नये. बिनपगारी रजा चालेल. कंपनीचा ग्रुप विमा नोकरीबरोबर जातो, आणि या आजारानंतर नवी पॉलिसी मिळणं फार कठीण. घरात बीपीएल कार्ड असेल तर 'आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक' या सरकारी योजनेतून कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात. सरकारी दवाखान्यातून रेफरल आधी घ्या.

आणखी एक, घरात कुणी बोलणार नाही म्हणून मीच लिहितो. भावाचं लग्न व्हायचंय. केमोनं पुढं मूल होण्यात अडचण येऊ शकते, म्हणून ती सुरू होण्याआधी वीर्य गोठवून ठेवण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. हा खर्च मी आनंदानं मंजूर करीन.

मधली तूट सोनेतारणानं भागवा. आईच्या पाटल्या बँकेत ठेवताना जिवावर येईल, पण त्या सोडवून आणता येतात. तरीही कमी पडलंच, तर सगळं शेत नको, रस्त्याकडेचे 15 गुंठे विका. तुकडा विकायला 11-ई स्केच, म्हणजे त्या तुकड्याचा सरकारी मोजणी नकाशा, लागतो आणि त्याला वेळ जातो, तेवढा अर्ज मात्र या आठवड्यातच करून ठेवा.