कॅन्सर संशोधनासाठी लिहिलेले सॉफ्टवेअर अगदी सुरुवातीच्या टप्प्यात असताना अमेरिकेत निधी कसा मिळतो?

आपण लिहिता की, ट्यूमरमधील जनुकीय बदल शोधणारी एक छोटी संगणकप्रणाली आपण प्रबंधाच्या निमित्ताने तयार केली, पण ती पुढे नेण्यासाठी पैसे कोण देईल हे उमजत नाही. मी अमेरिकेतील एका विद्यापीठात याच प्रकारचे काम करते, म्हणून अनुभवातून सांगते.

आपण सर्वांत आधी नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट या अमेरिकी सरकारच्या कर्करोग संशोधन संस्थेचा ‘इन्फॉर्मेटिक्स टेक्नॉलॉजी फॉर कॅन्सर रिसर्च’, म्हणजे आयटीसीआर, हा कार्यक्रम पाहावा. त्याचे वेगळेपण कळण्यासाठी त्याआधीचा कॅबिग हा प्रकल्प माहीत असायला हवा. देशभरातील कर्करोग केंद्रांची माहिती एका जाळ्यात आणण्यासाठी संस्थेने त्यावर सुमारे ३५ कोटी डॉलर खर्च केले. परंतु २०११ सालच्या तपासणी अहवालाने, संशोधकांची गरज बाजूला राहून तंत्रज्ञानच पुढे झाले, असे स्पष्ट नोंदवले. आयटीसीआरमध्ये साधनाची कल्पना संशोधकाकडूनच यावी लागते, आणि मला हाच मार्ग योग्य वाटतो.

निधीचे टप्पे साधनाच्या वयाप्रमाणे आहेत. नवी पद्धत किंवा अल्गोरिदम कागदावरून प्रत्यक्षात आणायचे असेल तर आर२१ हा अनुदानाचा प्रकार. प्राथमिक प्रणालीला इतरांच्या हाती देण्याजोगे रूप द्यायचे असेल तर यू०१. पुढचा विकास आणि देखभाल यांसाठी यू२४. ‘यू’ने सुरू होणाऱ्या प्रकारांत निधी देणारी संस्था कामात सक्रिय सहभागी असते. आपले वर्णन वाचून मला यू०१ जवळचे वाटते.

या टप्प्यावर पैसे नेमके कशाला लागतात, हे मला एका प्रसंगातून कळले. आमची प्रणाली आमच्याकडे उत्तम चालत होती. दुसऱ्या राज्यातील एका प्रयोगशाळेने ती वापरली, तेव्हा कोणतीही त्रुटी न दाखवता तिने ‘शून्य बदल’ असे उत्तर दिले. दोन दिवस शोधाशोध केल्यावर लक्षात आले की, आमच्या फायलींत पहिल्या गुणसूत्राचे नाव ‘सीएचआर१’ असे होते आणि त्यांच्या फायलींत नुसते ‘१’; नावे न जुळल्याने प्रणालीला काहीच सापडत नव्हते. ते उत्तर कोणी खरे धरले असते तर काय झाले असते, या विचाराने मी आजही अस्वस्थ होते. अशा दुरुस्त्या, चाचण्या आणि वापराची माहितीपुस्तिका यांवर शोधनिबंध होत नाही, म्हणून नेहमीच्या संशोधन अनुदानात त्यांना जागा मिळत नाही. यू०१चा अर्ज मात्र याच कामाच्या आधारावर उभा करता येतो.

म्हणून अर्जाआधी आपली प्रणाली निदान एका परक्या प्रयोगशाळेत चालवून घ्या आणि तिथे काय अडले ते अर्जात प्रामाणिकपणे लिहा. कर्करोगावर प्रत्यक्ष काम करणारा संशोधक सहकारी म्हणून सोबत घ्या, केवळ शिफारसपत्रापुरता नव्हे. स्रोतसंकेत (सोर्स कोड) खुला ठेवण्याची योजनाही आधीच ठरवा. थ्रीडी स्लायसर हे आज जगभर वापरले जाणारे प्रतिमाविश्लेषणाचे साधन १९९८ साली एका विद्यार्थ्याच्या प्रबंधातूनच सुरू झाले होते, तेव्हा आपले काम लहान आहे असे मानू नका.

उद्दिष्टांचे एक पान तयार झाले की ते संबंधित कार्यक्रम अधिकाऱ्यांना ईमेलने पाठवा आणि कोणता प्रकार योग्य ठरेल ते विचारा. असे प्रश्न ऐकून घेणे हा त्यांच्या कामाचाच भाग आहे, त्यामुळे भीड बाळगू नका.