जॅकेटवरचं दुसऱ्याचं नाव कसं उसवायचं?

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही ठाण्याला घोडबंदर रोडला राहतो. मुलगी १२ वर्षांची आहे, हॉकी खेळते, रविवारी दादरला गाडी बदलून चर्चगेटच्या टर्फवर जातो आम्ही. सोसायटीतल्या एका दादाने खेळणं सोडलं तेव्हा त्याचं किट हिला दिलं, जॅकेट, दोन जर्सी आणि मोठी बॅग. सगळं एकदम चांगलंय पण जॅकेट आणि बॅगेवर त्याचं आडनाव आणि जुन्या क्लबचा लोगो एम्ब्रॉयडरी केलेला आहे, आता पोरी तिला त्याच आडनावाने हाक मारतात आणि ही रडकुंडीला येते. मी जॅकेटवरचं एक अक्षर कात्रीने काढून बघितलं तर कापडालाच भोक पडलं. काय करू?
– एक आई, ठाणे

उत्तर : अहो, तुम्ही पुढून सुरुवात केलीत तिथेच घोळ झाला. मशीनच्या भरतकामात दोन दोरे असतात, वरचा रंगीत आणि खालचा बॉबिनचा, तो बहुतेक वेळा पांढरा असतो. जॅकेट उलटं करा, प्रत्येक अक्षराच्या मागे मधोमध पांढरी पट्टी दिसेल, ती कापायची. पट्टी तुटली की वरच्या दोऱ्याला धरून ठेवणारं काही राहत नाही, मग पुढून आयब्रोच्या प्लकरने ओढलं की आपोआप सुटून येतो.

मागे पांढरा कागदासारखा थर दिसेल, तो भरताना कापड ताणू नये म्हणून लावतात. तो आत्ता काढू नका, कारण तुमचं हत्यार घसरलं तर आधी तोच फाटतो, कापड वाचतं. हत्यार म्हणजे सीम रिपर, टाके उसवायचं छोटं दोन टोकांचं अवजार, जांभळी नाक्याला शिवणाच्या सामानाच्या दुकानात सहज मिळेल. त्याच्या एका टोकाला छोटी लाल गोळी असते, ती गोळी कापडाच्या बाजूला ठेवायची आणि एका वेळी तीन-चार टाकेच उचलायचे. काही जण मागून दाढीचा ट्रिमर फिरवतात, पटकन होतं, पण जर्सीच्या जाळीदार कापडावर मी तरी हे करणार नाही, एक धागा अडकला की ओढ सगळीकडे जाते. लोगो आतून गच्च भरलेला असेल तर दोन संध्याकाळी सहज जातील, टीव्हीसमोर बसा.

सगळं निघालं की सुईची भोकं दिसतील. नखाने आडवं-उभं खरवडा, मग वर ओला रुमाल ठेवून कमी गरम इस्त्रीची वाफ द्या. पॉलिएस्टर आहे, जास्त तापलं तर चकाकी येते आणि ती जात नाही. एक मात्र होईल, नावाखालचं कापड आजूबाजूपेक्षा गडद दिसेल कारण तेवढ्याला ऊन लागलेलं नाही, त्याला इलाज नाही. म्हणून त्याच जागी थोड्या मोठ्या अक्षरात मुलीचं नाव घाला. जुनं उसवल्याशिवाय वर भरू नका, दोऱ्यावर दोरा चढला की सुया मोडतात.

जर्सी आधी मागून बघा. मागे टाके नसतील तर ते छापील आहे, आणि कापडातच रंगवलेलं असेल तर ते कशानेच निघणार नाही, तो नाद सोडा.

आता बॅग. इथे उसवूच नका असं माझं मत. एक तर भरतकामाची मागची बाजू अस्तराच्या आत गेलेली असते, अस्तराची शिवण उघडल्याशिवाय हात पोचत नाही. दुसरं म्हणजे बॅगेच्या कापडाला आतून पाणी अडवायचा थर असतो आणि त्यात पडलेली भोकं खरवडून, वाफ देऊन बुजत नाहीत, जुलैत लोकलमधून उतरून भिजत गेलात की पाणी आत. सरळ त्याच रंगाचं जाड कापड किंवा मुलीच्या नावाचा पॅच वरून शिवून घ्या. घरच्या मशीनवर नको, बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडे द्या, त्याची सुई वेगळी असते. इस्त्रीने चिकटणारा पॅचही नको, नायलॉन आक्रसतं.

आणि ते भोक. आतून त्याच रंगाच्या कापडाचा नाण्याएवढा तुकडा ठेवा, चारी बाजूंनी बारीक हातटाके घाला, नवीन नाव भरताना एखादं अक्षर बरोब्बर त्याच्यावर येईल असं एम्ब्रॉयडरीवाल्याला दाखवून सांगा.