पहाटेच्या प्रार्थनेला न उठणारी बाई

प्रिय बाळ,

प्रभूच्या नावात सलाम.

आपल्या आश्रयगृहात राहायला आलेली जी बाई पहाटेच्या प्रार्थनेला उठतच नाही तिचं काय करायचं, असं तू विचारलंस. झोपू दे तिला. कितीतरी वर्षांनी ती दाराला आतून कडी लावून निजली असेल. तिची खाट, तिचं ताट आणि आपली प्रार्थना यांची एकमेकांशी गाठ मारू नकोस.

पंडिता रमाबाईंनी 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं, तेव्हा मुलींनी आपापला धर्म पाळायचा असंच ठरलं होतं. रमाबाई स्वतः ख्रिस्ती. सदन पुण्याला हलल्यावर काही मुली आपण होऊन त्यांच्या प्रार्थनेला बसू लागल्या आणि इथे मुली बाटवतात, या संशयावरून 1893 मध्ये वादळ उठलं. सल्लागारांनी अंग काढून घेतलं, पालकांनी मुली नेल्या. पुढे रमाबाईंच्याच केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळात उघड्या पडलेल्या मुली आल्या, फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपासदन निघालं. तो संशय मात्र अजून गेलेला नाही. घर देता की धर्म देता, असं तुला तिचे नातेवाईक विचारतील आणि एखाद्या रात्री ती बाईही विचारेल. तिच्या कपाटात तिचे देव ठेवायला जागा असू दे. यावरून आमच्या चर्चच्या मंडळीत मला बरंच ऐकावं लागलं. मी ऐकून घेतलं, पण कपाट हलवलं नाही. कष्टी आणि भाराक्रांत लोकांना प्रभूने जवळ बोलावलं, ते आधी काही कबूल करून घेऊन नव्हे.

आता क्षमेविषयी. इथे मी चुकले आहे, म्हणून जरा जास्त लिहिते.

एका बाईचा नवरा आमच्या दारात येऊन रडला. आमच्या एका वडीलधाऱ्यांनी साताच्या सत्तर पटींनी क्षमा कर, हे बायबलातलं वचन काढलं, दोघांना गुडघ्यांवर बसवलं, हातात हात दिले. ती माझ्याकडे बघत होती आणि मी 'आमेन' म्हटलं. दोन महिन्यांनी ती परत आली तेव्हा तिचं मनगट प्लास्टरमध्ये होतं. मला ती काहीच बोलली नाही.

त्यानंतर मी बायबलातल्या शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातला चोविसावा अध्याय पुन्हा वाचला. दाविदाच्या जिवावर उठलेला राजा शौल एन-गेदीच्या गुहेत त्याच्याच हाती सापडला होता, तरी दाविदाने त्याला सोडून दिलं. शौल गहिवरला, रडला, आपली चूक कबूल केली. आणि शेवटच्या ओळीत काय होतं बघ: शौल आपल्या घरी गेला आणि दावीद आपल्या माणसांसह गडावर चढून गेला. क्षमा केली, पण त्याच्यामागून घरी गेला नाही. कुणी वचन काढून तुझ्यासमोर बसलं तर हा अध्याय काढ. क्षमा कधी करायची ते त्या बाईचं आणि देवाचं. परत जायचं की नाही, तेही तिचंच. गेली तर पिशवीत आपला नंबर लिहून दे आणि पुन्हा आली तर 'सांगितलं होतं ना' म्हणू नकोस.

साक्ष देण्याचं, म्हणजे प्रभूने आपल्याला कसं सावरलं ते चारचौघांत सांगण्याचंही तेच. देणगीदार पाहुणे आले की एखादीला उभं करायचा मोह होतो. करू नकोस. फोटोही नको.

दारूतून येणाऱ्या बायका वेगळ्या. रोज पिणारीने एकदम सोडली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, नसलेली माणसं दिसतात, आकडीही येते. तेव्हा कुणी म्हणेल, भूत आहे, रात्रभर प्रार्थना करू. प्रार्थना रिक्षात कर आणि तिला दवाखान्यात पोहोचव. यात जीव जातो. दारू लपवली असेल म्हणून झडती घ्यावी लागलीच तर तिच्या देखत, कपाट तिलाच उघडायला सांगून. पुन्हा प्यायली तर डॉक्टरांकडे ने, पण रात्री रस्त्यावर काढू नकोस.

कागदपत्रांकडे मात्र पहिल्याच आठवड्यात बघ. आपलं घर आश्रयगृह म्हणून नोंदलेलं आहे, तेव्हा 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली आलेल्या बाईला, हिंसेचा सरकारी अहवाल भरलेला नाही एवढ्यावरून परत पाठवता येत नाही. ती म्हणाली तर ती इथे आहे हे सासरी कळवायचं नाही, असा नियमच आहे. कुणीही फोन केला तरी 'आम्ही कुणाचीच माहिती देत नाही' एवढंच बोल, मग ती असो वा नसो. आणि तिला याच कायद्याचं कलम 17 समजावून सांग. बऱ्याच जणींना वाटतं, उंबरा ओलांडला म्हणजे घरावरचा हक्क गेला. घर कुणाच्याही नावावर असो, तिथे राहायचा हक्क ती न्यायदंडाधिकाऱ्यांकडे मागू शकते. या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लाव, शेजारी महिला हेल्पलाइनचा 181 आणि तातडीच्या मदतीचा 112.

लेकरं बरोबर असतील तर जूनची वाट बघू नकोस. शाळेचा दाखला बापाने अडवून ठेवला असेल, पण आठवीपर्यंतच्या मुलाला केवळ दाखला नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. मुख्याध्यापक कुरकुर करतील. तू स्वतः जा, आईला बरोबर ने, आणि बोलायचं ते तिला बोलू दे.

तुझी,
मावशी