पेलेट आणि मका दोन्ही जाळणारा स्टोव्ह कसा चालतो? आणि धान्य जाळणं बरोबर आहे का?

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेतल्या आयोवात भाड्याने घेतलेल्या घरात असा स्टोव्ह आहे, घरमालक म्हणतो लाकडाचे पेलेट (भुसा दाबून केलेल्या छोट्या कांड्या), मका, गहू काहीही टाका, आणि शेवटी विचारलंय की धान्य जाळणं पाप नाही का. ते शेवटचं वाक्य नसतं तर मी लिहायला बसले नसते. मी 2005 पासून इथेच असला स्टोव्ह वापरतेय.

आधी स्टोव्हचं उरकते. आपला पाण्याचा बंब डोळ्यासमोर आणा, फक्त यात ढलप्या तुम्ही टाकायच्या नाहीत. वरच्या डब्यात पोतं रिकामं करायचं, खाली एक स्क्रू हळूहळू फिरतो आणि चिमूट चिमूट माल जाळाच्या भांड्यात पाडतो. एक पंखा धूर बाहेर खेचतो, त्या ओढीनेच भांड्याच्या भोकांतून हवा वर येते, म्हणून जाळ एवढासा पण भात्यावरच्यासारखा कडक. दुसरा पंखा खोलीतली हवा तापलेल्या नळ्यांवरून फिरवून परत खोलीत सोडतो. दार नीट लागलं नाही की ओढ जाते आणि स्क्रू आपोआप थांबतो. हे सगळं विजेवर चालतं, लाइट गेली की स्टोव्ह म्हणजे नुसतं लोखंडी कपाट.

मग मक्यासाठी वेगळं काय, तर भांड्यात फिरणारा ढवळणारा दांडा. चांगल्या पेलेटची राख एक टक्क्याच्या आत आणि भुकटीसारखी, उडून जाते. मक्याच्या राखेत पोटॅश आणि फॉस्फरस, ती वितळते आणि भांड्याच्या तळाला घट्ट बसते, भोकं बुजतात, जाळ गुदमरतो. ह्या घट्ट बसलेल्या राखेच्या ढेकळाला इथे क्लिंकर म्हणतात. रोज एकदा काढावाच लागतो, दांडा असला तरी.

तर झालं काय, 2005 च्या हिवाळ्यात इथे मका दोन डॉलरच्या आत बुशेल होता, बुशेल म्हणजे साधारण पंचवीस किलो, आणि गॅस महाग, म्हणून मी हौसेने स्टोव्ह घेतला. फेब्रुवारी 2007 मध्ये माझे अण्णा खटावहून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बादलीभर पिवळा मका डब्यात ओतताना त्यांनी बघितलं. "दाणं जाळतीस व्हय गं?" एवढंच म्हणाले आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना बोलले, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळायची, अमेरिकेतून आलेली, तिची भाकरी थापली तर तुटायची, "आन् त्याच मुलखात तू दाणं जाळतीस."

मी म्हटलं अण्णा हा खायचा मका नाही, डुकरांना घालतात आणि इथेनॉल करतात, आपण काल ज्या गाडीतून आलो तिच्या पेट्रोलमध्ये हाच मका होता. गाडीत जाळला की प्रगती आणि शेगडीत जाळला की पाप, हे कुठलं गणित? ते म्हणाले गाडीत दिसत न्हाई. यावर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं.

त्याच आठवड्यात शेजारच्या शेतकऱ्याकडून आणलेला मका दमट निघाला, पंधरा टक्क्यांच्या वर ओल असेल तर आणूच नका, आणि बाहेर उणे वीस असताना पहाटे स्टोव्ह बंद पडला. मी उठून बघते तर अण्णा मफलर गुंडाळून स्टोव्हसमोर बसलेले, सांडशीने त्यांनी क्लिंकर उपसून काढला होता, अनारशासारखी जाळीदार चकती, पण दगडाइतकी टणक. तरणेपणी कराडकडे गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाड सारायचं काम केलेला माणूस, त्यांना जाळ कळायचा. म्हणाले, येकदम लई घालतंय हे मशीन, वारं वाढव. खरंच मक्याला फीड कमी आणि हवा जास्त लागते, मी पेलेटच्याच सेटिंगवर चालवत होते. पुढे ते असेपर्यंत रोज सकाळी क्लिंकर त्यांनीच काढला, पण दाणे एकदाही ओतले नाहीत. ते मीच ओतायचे.

तर माझं मत, पाप वगैरे काही नाही, पण मका जाळणं आता परवडत नाही. अण्णा आले तेव्हाच बुशेलचा भाव साडेतीन डॉलरच्या वर गेला होता, 2012 च्या दुष्काळात सातच्याही वर. मी आता पेलेटच घालते, कडाक्याच्या थंडीत चार भाग पेलेटला एक भाग मका, तेवढ्यात क्लिंकर फार होत नाही. पेटवताना मात्र नुसते पेलेट, मका लवकर धरत नाही. अण्णांना फोनवर हे सांगितलं तर म्हणाले, म्हंजे माझं ऐकलंस. ऐकलं नाही, भाव बघितला.

गव्हाचं म्हणाल तर मॅन्युअलमध्ये नाव असेल तरच घाला, घरमालकाच्या शब्दावर नको. आणि राहिलंच, पेरणीचं औषध लावलेलं बियाणं चुकूनही जाळू नका. मक्याचा धूर तो बाहेर नेणारी नळी खातो, म्हणजे गंजवतो, ती स्टेनलेसची आहे का ते मालकाला विचारा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा, हे खरं तर सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. पेलेटची पोती गराजच्या ओल्या फरशीवर ठेवू नका, खाली फळी घाला, भिजली की नुसता भुसा होतो.