शाई गेली की आवाज?

नौपाडा, ठाणे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं चार पानी पत्र मिळालं. तू जिच्या गाण्याला तबल्याची साथ करतोस, ती लय पळवते, रियाजाला उशिरा येते, हे सगळं सविस्तर आहे. मानधनाबद्दल मात्र एकच ओळ, तीही कंसात. म्हणजे दुखणं तिथेच आहे.

मीही ताईंच्या गाण्याला एकतीस वर्षं तबल्याची साथ केली. पहिल्या वर्षी एका मंडळानं दोघांचं मिळून एकच पाकीट त्यांच्या हातात ठेवलं. ताईंनी ते तलावपाळीच्या कट्ट्यावर बसून उघडलं, नोटा मोजल्या आणि विचारलं, "बोला, तुमचे किती?" मी म्हटलं, "द्याल ते." त्या उखडल्याच. "द्याल ते म्हणणारा माणूस वर्षभर मनात हिशेब ठेवतो!" ठेवत होतोच. त्या रात्री वाटणी ठरली. पुढे दोनदा बदलली, दोन्ही वेळा विषय मीच काढला, आणि तो कार्यक्रमाचं आमंत्रण आल्यावर. पाकीट हातात आल्यावर काढलेला विषय भांडणासारखाच ऐकू येतो.

श्रेयाचं त्याहून अवघड. कुठली चाल कोणाची हे बाहेर बोलायचं नाही, असं शंकर-जयकिशन यांच्यात ठरलं होतं म्हणतात. ते मोडलं आणि बिनसलं. पण १९७१ मध्ये जयकिशन गेल्यावरही शंकर १९८७ पर्यंत, म्हणजे स्वतः जाईपर्यंत, त्याच जोडनावानं संगीत देत राहिले. तुमच्या पोस्टरवर तुझं नाव बारीक छापलंय ना? ते तिनं छापलंय की आयोजकानं, एवढं तरी आधी विचार.

चुकीबद्दल फारसं सांगत नाही. विलंबित एकतालात तिची सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, हुकली तर तिच्याकडे बघू नकोस, ठेका साधा ठेव. बारा मात्रांनी सम पुन्हा येतेच. लोकलमध्येही तो विषय नको, निदान मुलुंडपर्यंत.

ताईंचा षड्ज, म्हणजे गाण्याचा 'सा', पेटीच्या काळी पाच पट्टीत. पन्नाशीनंतर तार षड्जाला, वरच्या 'सा'ला, आवाज चिरकू लागला. घंटाळीच्या सहयोग मंदिरात एकदा बघतो तर त्यांनी तानपुरा पांढरी सहाला लावलेला. त्या काही बोलल्या नाहीत. मीही तबल्याच्या काठावरच्या विणीला, गजऱ्याला, खालून हातोडीचे ठोके देत तबला अर्धा स्वर उतरवला. तेवढं तो सोसतो. दीड-दोन वर्षांत आणखी अर्धा स्वर खाली, काळी चार आली. तिथे माझा तबला बसेना. पुडी, म्हणजे वरचं कातडं, सैल पडली की 'ना' हा बोल वाजत नाही, नुसता थप्प आवाज येतो. मग थोड्या मोठ्या तोंडाचा नवा तबला घेतला आणि काही झालंच नाही अशा थाटात बैठकीला नेला.

ताईंनी तबल्याच्या शाईवर, मधल्या काळ्या गोलावर, बोटानं टिचकी मारून पाहिली.

"हा कधी घेतलात?"

"जुन्याची शाई गेली होती."

"शाई गेली, की माझा आवाज?"

मी तबल्याचे लाकडी गट्टे सारखे करत बसलो. मग म्हटलं, "शाई शाबूत आहे."

त्या हसल्या आणि तानपुरा मांडीवर घेतला. कार्यक्रमानंतर पाकीट उघडलं, तेव्हा माझ्या वाट्याच्या नोटांवर त्यांनी तबल्याची निम्मी किंमत ठेवली. मी "कशाला, कशाला" न करता ती मोजून घेतली.

तुझा,
काका