नागपूर जीपीओचा पिनकोड ४४०००१ ही मूळ संख्या आहे का?

नाही, ४४०००१ ही संयुक्त संख्या आहे: ४४०००१ = ३ × ३ × ४८८८९. शेवटी १ दिसला की मूळ असेल असं वाटतं, पण आधी अंकांची बेरीज करा. ४+४+०+०+०+१ = ९, म्हणजे थेट ९ ने भाग जातो. (१० ला ९ ने भागल्यावर बाकी १ उरते, म्हणून ही युक्ती चालते.)

खरं काम पुढे आहे. ४८८८९ च्या अंकांची बेरीज ३७, म्हणजे आता ३ चा भाग जात नाही. २ आणि ५ तर दिसतानाच बाद. वर्गमूळ २२१.१ च्या आसपास, त्यामुळे ७ पासून २११ पर्यंतच्या ४४ मूळ संख्यांनी भागून पाहायचं. एकानेही नि:शेष भाग जात नाही. ७ ला बाकी १, १९ आणि ३१ ला बाकी २. घाईत चूक होते ती इथेच: ७, ११, १३ पाहून लोक थांबतात. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर ४८८८९ ÷ १९ = २५७३.१०५... असं येतं, दशांशानंतरचा भाग १९ ने गुणला की बाकी मिळते.

४८८८९ मूळ, म्हणून ४४०००१ चे विभाजक सहाच: १, ३, ९, ४८८८९, १४६६६७, ४४०००१. शिवाय ४४०००१ = २२५² + ६२४², हे मात्र सहज सुचणारं नाही.

फक्त एवढं की यातलं काहीही टपालखात्याने ठरवून केलेलं नाही. पिनकोडमध्ये पहिला ४ विभागाचा, ४४० वर्गीकरण जिल्ह्याचा आणि शेवटचे तीन अंक कार्यालयाचे.